काळाने नेलेले आणि आळसाने नेलेले

संत नामदेव उत्तर आयुष्यात पंजाबात गेले, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. त्या वाटेची आठवण ठेवून अलीकडच्या काही वर्षांत पंढरपूरहून घुमानपर्यंत सायकल यात्रा निघू लागली आहे. अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर जाते. नाशिककर सायकलस्वार आषाढीच्या आधी पंढरपूरची सायकल वारी करतात, पुण्याहूनही मंडळी निघतात. या सगळ्यांत चाळिशी-पन्नाशी उलटलेले लोक डोळ्यांत भरण्याइतके असतात. शाळा सुटल्यापासून ज्यांनी सायकलला हात लावला नव्हता असे शिक्षक, बँकेतले कर्मचारी, डॉक्टर, दुकानदार सहा-आठ महिने आधीपासून पहाटे उठतात, गुडघे शेकतात, नाडीचे ठोके मोजतात, कोणत्या आठवड्यात किती किलोमीटर याचा तक्ता करतात. प्रश्न असा आहे की, धर्माच्या नजरेने या सहा-आठ महिन्यांची किंमत काय? विठ्ठल पंढरपुरात आहे, नामदेवांची आठवण घुमानात आहे. मग धाराशिव-तुळजापूर रस्त्यावर भल्या पहाटे घाम गाळणारा माणूस नुसता व्यायाम करतो आहे, की आणखी काही? माझे म्हणणे असे की, मध्यम वयात केलेली ही तयारी प्रत्यक्ष यात्रेपेक्षाही अधिक धार्मिक ठरू शकते. मात्र ती तशी ठरते ती कष्टांमुळे नव्हे. कष्टांना आपण फार लवकर पुण्य म्हणून मोकळे होतो.

मध्यम वय हा धर्मशास्त्राला अनोळखी विषय नाही. मनुस्मृतीशी आपले भांडण आहेच, आणि १९२७ साली महाडला ते चव्हाट्यावर मांडलेही गेले. तरी तिच्या सहाव्या अध्यायातली एक गोष्ट इथे कामाची आहे. गृहस्थाने घर सोडून वनाकडे कधी निघावे, याचे उत्तर देताना तिथे वयाचा आकडा सांगितलेला नाही. अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले, मुलाला मूल झाले की निघावे, असे सांगितले आहे. तीनपैकी दोन खुणा शरीराच्या आहेत. म्हणजे आयुष्याचा पुढचा टप्पा सुरू झाला हे माणसाने आरशात पाहून, स्वतःच्या अंगावरून ओळखायचे. आज कोणी वनात जात नाही. पन्नाशीच्या सरकारी नोकराला अठ्ठावन्नपर्यंत नोकरी असते, घराचे हप्ते असतात, मुलगी बारावीला असते. वानप्रस्थ संपला, पण ज्या प्रश्नासाठी तो निघाला होता तो संपला नाही: उतरणीला लागलेल्या या शरीराशी आता कोणत्या नात्याने वागायचे? आपल्याकडे त्याची दोन उत्तरे सर्रास चालतात. एक, केस काळे करायचे आणि काही झालेच नाही असे वागायचे. दुसरे, ‘आता आपले काय राहिले’ म्हणून खुर्चीत रुतून बसायचे आणि त्याला वैराग्य म्हणायचे. दोन्हींत शरीराकडे नीट पाहण्याचे टाळलेले असते.

नीट पाहिले तर काय दिसते, याचा एक विलक्षण पुरावा अमेरिकेत डॅलस इथे झालेल्या एका प्रयोगात आहे. १९६६ साली तिथल्या संशोधकांनी वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्याआधी, त्यानंतर, आणि मग कसून व्यायाम करून घेतल्यावर, अशी त्यांची दमश्वासाची ताकद मोजली. म्हणजे जोराच्या श्रमात शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते ते पाहिले. तीस वर्षांनी, हेच पाच जण पन्नाशीला आले तेव्हा, त्यांना पुन्हा बोलावले. वजने वाढली होती, कंबरा रुंदावल्या होत्या. मोजमाप केल्यावर निघाले असे की, तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची जेवढी ताकद नेली होती, त्याहून जास्त ताकद विशीत तीन आठवडे पडून राहिल्याने गेली होती. मग त्यांना सहा महिने बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम दिला. कोणी चालले, कोणी हळू धावले, कोणी सायकल चालवली. सहा महिन्यांनी पाचही जणांची मिळून ताकद विशीत अंथरुणाला खिळण्याआधी जेवढी होती तिथे परत आली. पण निकालाची एक बाजू उत्साही मंडळी सांगायची विसरतात: विशीत कसून व्यायाम केल्यावर त्यांनी जी उंची गाठली होती, ती पन्नाशीत एकालाही पुन्हा गाठता आली नाही. पाच माणसांचा प्रयोग फार लहान आहे हे खरे, पण त्यानंतरच्या ज्ञानाशी तो विसंगत नाही. वयाबरोबर ही ताकद उतरते, बैठे आयुष्य काढणाऱ्यांची झपाट्याने उतरते, सराव ठेवणाऱ्यांची सावकाश उतरते. उतरण कोणालाच चुकत नाही.

माझ्या मते सगळा युक्तिवाद या दोन निकालांच्या मधल्या जागेत आहे. मध्यम वयाच्या माणसाने जे गमावले असे त्याला वाटते, त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. काही काळाने नेलेले असते आणि काही आळसाने. काळाने नेलेले परत मिळत नाही. त्याबद्दल कुरकुर न करणे हेच शहाणपण. आळसाने नेलेले परत मिळते. त्याबद्दल ‘वयच झाले’ म्हणणे हा खोटेपणा. अडचण ही की, बसल्या जागी या दोन्हींची वाटणी करता येत नाही. धाराशिवहून तुळजापूरला सायकलने निघालेल्या पन्नाशीच्या माणसाला पहिल्या चढावर धाप लागते, तेव्हा ती धाप वयाची की वीस वर्षांच्या खुर्चीची, हे त्याला त्या दिवशी कळू शकत नाही. महिनाभर नेमाने चढल्यावर निम्मी धाप जाते. आणखी तीन महिन्यांनी आणखी थोडी जाते. मग एक टप्पा येतो की, कितीही केले तरी पुढे सरकत नाही. तिशीतला सोबती बोलत बोलत पुढे निघून जातो. तेव्हा उरलेली धाप काळाची असते, आणि ती स्वीकारण्याचा अधिकार त्या माणसाने मिळवलेला असतो. सराव न करता स्वीकारलेली मर्यादा ही बहुतेक वेळा पळवाट असते. आपल्या सर्व परंपरांनी विवेकाला एवढे मोल दिले ते नित्य काय आणि अनित्य काय हे निवडता यावे म्हणून. ती निवड करायला पुस्तकाइतकेच हे शरीरही उपयोगी पडते, एवढाच माझा दावा आहे.

तीर्थयात्रेविषयी महाभारत काय म्हणते, हेही या अंगाने वाचण्याजोगे आहे. वनपर्वात पुलस्त्य ऋषी तीर्थांचे माहात्म्य सांगतात, तेव्हा सुरुवातीलाच एक अट घालतात: ज्याचे हात, पाय आणि मन नीट ताब्यात आहेत त्यालाच तीर्थाचे फळ मिळते. मनाच्या संयमाबद्दल आपण खूप ऐकले आहे, पण इथे हात आणि पाय मनाच्या आधी आले आहेत. पाय ताब्यात असणे म्हणजे वाईट ठिकाणी न जाणे, असा नैतिक अर्थ टीकाकार करतील आणि तो चुकीचा नाही. पण शेकडो कोसांच्या वाटेवर निघालेल्या माणसाला सांगितलेली ही अट आहे. तिचा साधा, अंगाला लागू होणारा अर्थही सोडून देऊ नये. पाय ताब्यात असणे म्हणजे पाय किती चालतील हे ठाऊक असणे आणि त्याच्या पलीकडे त्यांना हुरूप आला म्हणून न रेटणे. योगसूत्रांत पतंजलींनी अभ्यास दृढ होण्याच्या अटी सांगितल्या त्याही अशाच कोरड्या आहेत: दीर्घ काळ, खंड न पाडता, आदराने. सायकलच्या सरावाचे शास्त्र यापेक्षा निराळे काही सांगत नाही. हृदय आणि रक्त काही आठवड्यांत जुळवून घेतात, स्नायूंना थोडा जास्त वेळ लागतो, स्नायुबंध आणि सांध्यांभोवतीचे धागे कित्येक महिने मागतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दम वाढलेला असतो, उत्साह उतू जात असतो, आणि नेमका तेव्हाच गुडघा धरतो. दीर्घ काळ ही अट ज्याला जाचक वाटते त्याला ती त्याचा गुडघा समजावून सांगतो.

आणि खंड न पाडता याचा अर्थ विश्रांती न घेता असा नाही. सराव करणारे इथेच सर्वांत जास्त चुकतात, आणि या ठिकाणी धाराशिव जिल्ह्याला सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटते. तुळजाभवानीच्या वार्षिक उपचारांत देवी तीन वेळा निद्रेला जाते. शारदीय नवरात्राच्या आधीची घोरनिद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधीची मोहनिद्रा. तुळजापूरची मूर्ती चल आहे. सिंहासनावरून हलवून तिला पलंगावर निजवले जाते. यातली श्रमनिद्रा मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. नऊ रात्रींचे युद्ध झाले, महिषासुर पडला, दसऱ्याला सीमोल्लंघन झाले, आणि मग देवी थकली म्हणून निजली. पुढच्या पराक्रमाची घाई नाही. अश्विन पौर्णिमेला ती पुन्हा सिंहासनावर येते, आणि त्याच पौर्णिमेला सोलापूरकडून, कर्नाटकातून हजारो लोक पायी चालत तुळजापूरला पोचतात. जगदंबेलाही श्रमानंतर झोप लागते, असे मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या माणसाने सरावातला विश्रांतीचा दिवस चोरून, ओशाळून घ्यावा याला काही आधार नाही. शरीरशास्त्रही हेच सांगते की, घाट चढताना ताकद वाढत नसते. चढताना स्नायू झिजतात, आणि वाढ होते ती नंतरच्या जेवणात आणि झोपेत. पन्नाशीत ही भरपाई विशीपेक्षा सावकाश होते. म्हणजे श्रमाचे फळ श्रम चालू असताना मिळतच नाही. ते नंतर, माणूस काही करत नसताना, त्याच्या हुकमाबाहेर पिकत राहते. फळावर अधिकार नाही हे गीतेने सांगितले ते याहून कितीतरी मोठ्या अर्थाने. पण त्या मोठ्या अर्थाची एक लहानशी प्रचिती अंगातच मिळत असेल तर ती नाकारू नये.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वारकऱ्याचा, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. वारीला कोण सराव करून जातो? सत्तरीची आजी डोक्यावर तुळस घेऊन आळंदीहून निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरपूरला पोचते. तिने नाडीचे ठोके मोजले नव्हते. तिला चालवणारा विठ्ठल आहे. तयारी करणे म्हणजे त्याच्यावर भरवसा नसणे. या आक्षेपात भाव खरा आहे, पण वर्णन अपुरे आहे. ती आजी शेतात खुरपणी, वेचणी, पाणी वाहणे हे सगळे जन्मभर करत आलेली असते; तिचे पाय वारीसाठी वेगळे तयार करावे लागत नाहीत, कारण ते कधी बिघडलेलेच नसतात. शिवाय वारी ही बेहिशेबी धावपळ नाहीच. कुठे विसावा, कुठे दुपारचे जेवण, कुठे मुक्काम, हे शेकडो वर्षांच्या अनुभवाने ठरलेले आहे. दोन-अडीच आठवड्यांत वाटून दिलेले ते अंतर दिंडीच्या शिस्तीत चालायचे असते. एकट्या सायकलस्वाराला जो तक्ता स्वतः आखावा लागतो, तो वारकऱ्याला परंपरेने आखून दिलेला असतो. विनोबांचेही उदाहरण लोक देतात, की ५५व्या वर्षी, १९५१ साली ते पवनारहून तेलंगणाकडे पायी निघाले, १८ एप्रिलला पोचमपल्लीला भूदान सुरू झाले आणि पुढे तेरा वर्षे ते चालत राहिले. कुठे केला होता त्यांनी सराव? सराव होता. निघण्याआधी पवनारच्या आश्रमात ते रहाट ओढत होते, शेतीत राबत होते, पैशावाचून जगण्याचा प्रयोग करत होते. पदयात्रा त्या श्रमांच्या पुढचे पाऊल होती. बैठ्या माणसाने या दोघांचे दाखले देऊन थेट रस्त्यावर उतरावे, ही श्रद्धा नव्हे. दुसऱ्याच्या श्रमाच्या पुंजीवर काढलेली उचल आहे.

आणि भक्तीला कसोटी चालत नाही असे म्हणणाऱ्याने तेरला जाऊन यावे. तेरणेच्या काठावरचे हे गाव फार जुने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे तगर म्हणून त्याचा उल्लेख येतो, आणि तिथला माल गाड्यांतून खडतर वाटांनी भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. लांबच्या प्रवासाशी या गावाचे नाते इतके जुने आहे. पण मला सांगायचे आहे ते संत गोरा कुंभार, म्हणजेच गोरोबा काकांविषयी, ज्यांची समाधी तेरला आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून मडके भाजलेले की कच्चे ते पाहिले, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. बाकीचे शांत बसले. नामदेव रागावले, आणि तेच कच्चे ठरले. विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातून नैवेद्य खातो, तो नामदेव. त्याच्या भक्तीत खोट नव्हती, तरी तो कच्चा होता. या कथेचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नामदेव रुसले, विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले, आणि तिथूनही निर्वाळा तोच आला. मग ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. पंजाबची वाट त्यानंतरची. ज्याला आज नामदेवांच्या वाटेने घुमानला जायचे आहे त्याने हे ध्यानात ठेवावे की, त्या वाटेच्या आधी एक थापटणे आहे. पन्नाशीच्या माणसाला डॉक्टर जेव्हा सांगतो की रक्तदाब आधी आटोक्यात आणा, किंवा बरोबरचा अनुभवी माणूस म्हणतो की शंभर किलोमीटर झेपत नाहीत तोवर यात्रेचे नाव काढू नका, तेव्हा तोच राग येतो. त्या रागावरून तो कुठवर भाजला गेला आहे ते कळते.

दुसरा आक्षेप अहंकाराचा. मोबाइलमध्ये नोंदवलेले किलोमीटर, गावच्या ग्रुपवर टाकलेले फोटो, गळ्यातली पदके. यात धर्म कुठे? याला गीतेचे उत्तर सरळ आहे आणि ते सायकलस्वारांना सोयीचे नाही. सतराव्या अध्यायात तपाचे प्रकार सांगताना मानमरातबासाठी केलेले तप राजस, आणि मूढ हट्टाने स्वतःला पिडून केलेले तप तामस ठरवले आहे. त्याआधी, दंभाने शरीर कृश करणाऱ्यांना तर आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये हे तीनही भरपूर सापडते. ब्रेव्हे नावाच्या ठरावीक वेळेच्या फेऱ्या असतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस तास. झोप न घेता, डोळे मिटत असताना महामार्गावर सायकल हाकत राहून ती वेळ गाठल्याचे अभिमानाने सांगणारे लोक भेटतात. तो तामस हट्टच. पण आकडा स्वतः दोषी नाही. जपमाळेला १०८ मणी असतात, वारीला तिथी असते, उपासाला एकादशी असते; मोजणे धर्माला कधीच वर्ज्य नव्हते. आकडा दुसऱ्याला दाखवण्यासाठी असेल तर तो गर्व वाढवतो, आणि स्वतःला खोटे बोलू न देण्यासाठी असेल तर उलट काम करतो. ‘या आठवड्यात बरीच सायकल चालवली’ असे मन म्हणते; वहीत चाळीस किलोमीटर असतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. धाराशिव जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथली कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला परगावी जातात. पावसाने दगा दिला की पाण्याचे टँकर फिरतात. जिथे अर्ध्या लोकांना पोटासाठी अंग मोडून घ्यावे लागते, तिथे पगारदार माणसाने हौसेने अंग मोडून घ्यायचे आणि त्याला साधना म्हणायचे, हे अश्लील नाही का? वनपर्वातच पुलस्त्य म्हणतात की यज्ञाला साधनसामग्री लागते, तो राजांना आणि श्रीमंतांना जमतो. तीर्थयात्रा मात्र दरिद्री माणसालाही करता येते आणि म्हणून ती यज्ञाहून श्रेष्ठ. मग ऐंशी हजारांची सायकल, वेगळे कपडे, मागून सामान घेऊन येणारी गाडी, अशी यात्रा म्हणजे मागच्या दाराने परत आलेला यज्ञच. हे मला मान्य आहे. साधनांचा थाट वाढेल तितकी यात्रा तिच्या मूळ अर्थापासून दूर जाते, आणि साध्या गिअरच्या, कॅरिअर लावलेल्या सायकलवर पंढरपूर गाठता येते. पण आक्षेपातले दुसरे विधान मला मान्य नाही, की ज्याला श्रम करावे लागत नाहीत त्याने ते करू नयेत. ऊसतोड्याच्या कष्टांबद्दलची आपली बैठी कणव फार पातळ असते. श्रम हे शरीराला काय करतात हे ज्याला स्वतःच्या मांड्यांतून कळले आहे तो मजुरीच्या दराबद्दल निदान वेगळ्या कानांनी ऐकेल. ऐकेलच याची खात्री नाही. आणि एक ढळढळीत फरक विसरता येत नाही: सायकलस्वाराला थांबता येते, कोयता हातात घेतलेल्या बाईला थांबता येत नाही.

देहासक्तीचा चौथा आक्षेप विरक्तांचा आहे: नश्वर देहाचे इतके लाड कशाला? भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीवर याचे उत्तर मिळते. या जैन सिद्धक्षेत्रावर १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला. देहाचा लोभ सोडण्याचे याहून टोकाचे उदाहरण सापडणार नाही; पण त्याची रीत पाहा. सल्लेखनेत अन्न एकदम तोडत नाहीत. आहार पायरीपायरीने उतरवत नेतात, शरीर आणि मन काय म्हणते ते पाहत, गुरूच्या देखरेखीखाली. त्याही आधी, जैन गृहस्थासाठी अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत, म्हणजे व्रतांच्या चढत जाणाऱ्या अकरा पायऱ्या. खालची पक्की झाल्याशिवाय वरची घ्यायची नाही. देह टाकायचा असला तरी तो ओळखूनच टाकावा लागतो, असा त्याचा अर्थ. ज्याने देहाकडे कधी लक्षच दिले नाही तो विरक्त नसतो. मधुमेहाने ग्रासल्यावर त्याच देहाभोवती त्याचे सगळे दिवस फिरू लागतात, आणि भारतात मधुमेहींची संख्या आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० कोटींच्या वर आहे.

शेवटचा आक्षेप घरातून येतो आणि तो तत्त्वज्ञांना सहसा सुचत नाही. पहाटेचे दोन तास, रविवारचा अर्धा दिवस, आणि मग महिनाभराची यात्रा. तेवढा वेळ घर कोणाच्या जिवावर चालते? गोरोबांच्याच चरित्रात याचे भयंकर उत्तर आहे. नामात दंग होऊन चिखल तुडवताना त्यांच्या पायाखाली स्वतःचे मूल तुडवले गेले. परंपरेने ती कथा विठ्ठलाच्या कृपेने सुखरूप केली, मूल परत मिळाले. तरीही तल्लीनता आंधळी असू शकते ही जाणीव तिने झाकून ठेवलेली नाही. सोलापूर-धुळे आणि पुणे-हैदराबाद हे दोन राष्ट्रीय महामार्ग या जिल्ह्यातून जातात. उसाच्या हंगामात त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, रात्री त्यांना धड दिवेही नसतात. तिथे दंग झालेल्याला वाचवायला चमत्कार येत नाही. मध्यम वयाच्या माणसाचा जीव त्याच्या एकट्याचा नसतो. म्हणून मी तयारीच्या यादीत घरच्यांची मनापासूनची संमती, उजेडात सायकल चालवण्याचा नेम, छातीत दुखले की त्या क्षणी उतरण्याची सवय, या गोष्टी पायांच्या ताकदीच्या वर लिहीन. बायकांच्या बाबतीत हा आक्षेप उलटा करून पाहावा लागतो: पन्नाशीच्या किती स्त्रियांना पहाटेचे दोन तास स्वतःचे म्हणून मिळतात? नवऱ्याच्या साधनेचा चहा करून देण्यात त्यांची पहाट जात असेल, तर त्या साधनेचा हिशेब आधी स्वयंपाकघरात व्हायला हवा.

सायकल यात्रा काढणाऱ्या मंडळांना म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. नावनोंदणीच्या अर्जाबरोबर सहा महिन्यांचा सरावाचा तक्ता द्यावा, विश्रांतीचे दिवस ठळक छापून, आणि चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाकडून डॉक्टरांचे पत्र घ्यावे. आणि समारोपाच्या दिवशी हारतुरे वाटताना, जो तिसऱ्या दिवशी गुडघा किंवा श्वास ओळखून आपण होऊन मागे फिरला, त्यालाही व्यासपीठावर बोलावून शेवटपर्यंत पोचलेल्यांच्या बरोबरीने नारळ द्यावा.